डिसेंबरातला पहिला शनिवार

आमच्या पिकेट्स फेरी गावात सप्टेंबर ते नोव्हेंबर शनिवारी कुणी लग्न ठेवत नाही. मयत झाली तरी ती सोमवारपर्यंत थांबते, कारण आमचे पाद्री ब्रदर मॅक्सी स्वतःच त्या दिवशी कॉलेजच्या फुटबॉल मॅचला स्टेडियममध्ये असतात. फार वर्षांपूर्वी एका मुलीनं हट्टानं ऑक्टोबरातला शनिवार धरला होता. "कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला," असं पाद्र्यांनी म्हणायला आणि मागच्या बाकावरून "अरे देवा, नको, नको!" असा आवाज यायला एकच गाठ पडली. नवऱ्यामुलाच्या काकानं कोटाच्या खिशात रेडिओ ठेवला होता, आणि तिकडं मैदानावर पिकेट कॉलेजच्या पोराच्या हातून चेंडू निसटला होता. त्या मुलीच्या सासूनं ते अजून मनातून काढलेलं नाही.

म्हणून व्हर्लन सॅटरफील्डच्या लेकीनं, केलिननं, आपलं लग्न डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी ठरवलं तेव्हा सगळ्या गावाला पोर शहाणी वाटली. आमचा सीझन नोव्हेंबरात संपतो. डिसेंबरातल्या त्या शनिवारी फक्त फायनल असते, आमच्या गटातल्या दोन सर्वांत तगड्या कॉलेजांची, आणि पिकेट कॉलेजची खेचरं त्या फायनलच्या आसपासही कधी फिरकली नव्हती. खेचरं हे आमच्या टीमचं नाव आहे. बाहेरचे हसतात, हसोत. कापसाच्या काळात हे गाव खेचरांनीच ओढलंय.

तर सगळ्यांना ती तारीख पसंत पडली, आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती नेमकी व्हर्लनपाशी.

व्हर्लनला आमच्याकडं ओळखत नाही असा माणूस नाही. पशुखाद्याच्या आणि बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यामागं उभा असलेला उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर खेचराचं चित्र असलेली टोपी. ती टोपी मुळात निळी होती असं त्याची बायको नेल्डा सांगते. आपण विश्वास ठेवायचा. हायस्कुलात असताना तो फुटबॉलच्या टीमसाठी नाव द्यायला गेला होता. कोचनं त्याला नुसतं बघितलं आणि म्हणाला, "पोरा, तुला कुणी धक्का दिला तर तुझ्या आईला मी काय सांगू?" त्यावर दुसरा कुणी खेळाचं नाव टाकून मासे पकडत बसला असता. व्हर्लननं काठी धरली.

ही काठी म्हणजे मैदानाच्या कडेची. चेंडू काखोटीला मारून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, हा आमचा खेळ. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांना बांधलेली एक साखळी असते, आणि ती धरणाऱ्यांना साखळीवाले म्हणतात. म्हाताऱ्या क्लीटस बूनचं खुब्याचं हाड गेलं तेव्हा पुढची काठी व्हर्लनच्या हातात आली. तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटली नव्हती. आता मिशा पांढऱ्या झाल्या, काठी तीच आहे.

पण साखळीवाल्याला एक नियम असतो, आणि तो फार क्रूर आहे. साखळीवाला पंचांचा माणूस. त्यानं ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, आपली टीम जिंकली तरी चेहऱ्यावरची माशीदेखील हलू द्यायची नाही. आठवडाभर ज्याच्या तोंडात टीमखेरीज दुसरा विषय नसतो, त्या माणसानं शनिवारी, सगळं गाव घसा फोडत असताना, मैदानापासून हाताच्या अंतरावर खांबासारखं उभं राहायचं! व्हर्लननं हा नियम एकदाही मोडला नाही. त्यानं वेगळी सोय केली. केलिन चार-पाच वर्षांची झाल्यावर तो तिला कुंपणाजवळच्या पहिल्या बाकावर बसवायचा, हातात उकडलेल्या शेंगांची पुडी द्यायचा आणि सांगायचा, "मला बोलायची बंदी आहे. माझ्या वाटचं तू ओरड." आणि ती पोर असं ओरडायची की पलीकडच्या कॉलेजचे लोक वळून बघायचे. कोण म्हणायचं, या मुलीला डॉक्टरकडं न्या. कोण म्हणायचं, हिला चर्चच्या गाण्यात घ्या. व्हर्लन मान न वळवता ऐकायचा. त्याचं सगळं सुख त्या आवाजात होतं.

दुसरी त्याची गोष्ट म्हणजे 'जर'. व्हर्लनच्या घरात टीमच्या बाबतीत हा शब्द चालत नाही. 'जर जिंकलो तर' असं कुणी म्हणालं की तो तिथल्या तिथं दुरुस्ती करतो, "जेव्हा. जेव्हा जिंकू तेव्हा." दर ऑगस्टमध्ये तो गल्ल्यामागून जाहीर करतो की हे वर्ष आपलं, आणि दर नोव्हेंबरमध्ये तोच माणूस शांतपणे कोंबड्यांचं खाद्य मोजत असतो. त्याला त्याची लाज नाही. "तारीख चुकली," एवढंच तो म्हणतो, "माणसं चुकली नाहीत."

यंदाच्या ऑगस्टमध्ये गटातल्या कोच मंडळींनी मतं देऊन अंदाज काढला, तो पेपरात आला. दहा कॉलेजांत पिकेट नववं. दहावं जे होतं त्यांनी टीम गेल्याच वर्षी सुरू केली होती.

सकाळी दुकानात ड्वाइट पेपर घेऊन आला. ड्वाइट हा नेल्डाचा भाऊ, आणि मेहुण्याला डिवचणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा धंदा.

"काय साखळीवाले, नववा नंबर! पेढे वाटायचे का?"

"वाट की. डिसेंबरात परत वाटावे लागतील, तेवढी तयारी ठेव."

"अरे, त्या कोच लोकांना काही कळत असेल ना?"

"त्यांनी यंदाची पोरं पाहिलीत? मी पाहिलीत. उन्हाळाभर इथं पोती उतरवायला होती. तो टेरेल आहे ना, पुढच्या फळीतला? खाद्याची दोन पोती दोन बगलेत घेऊन जिना चढतो आणि वर 'काका, अजून काय' म्हणतो."

"गेल्या वर्षी तू हेच त्या लाल केसांच्या पोराबद्दल सांगत होतास."

"त्याचं वळण चुकलं. गुडघा गेला बिचाऱ्याचा."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"ड्वाइट, तुला कोंबडीचं खाद्य पाहिजे की नुसता आलास?"

सगळे हसले. व्हर्लनही हसला. पण यंदा त्याच्या छातीत काहीतरी वेगळं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दरवर्षी तो आशेनं बोलायचा. यंदा तो बोलत होता ते एखाद्यानं उद्या मंगळवार आहे म्हणावं तसं.

त्या रविवारी चर्चनंतर सॅटरफील्डांकडं जेवण होतं. केलिनचा नवरा व्हायचा मुलगा, ग्रॅहम, जनावरांचा डॉक्टर, साधा आणि गुणी. त्याचे आईवडील मिनेसोटाहून मुद्दाम दोन-तीन आठवडे राहायला आले होते. नेल्डानं तळलेले मासे, भेंडी, मक्याची पोळी, केळ्याचं पुडिंग, सगळा थाट केला होता. ग्रॅहमच्या आईनं आपलं बोलायला काहीतरी म्हणून विचारलं, "डिसेंबरात इथं हवा कशी असते हो?"

"हवेचं काय घेऊन बसलात," व्हर्लन म्हणाला, "पार्किंगचं बघा. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसणार."

"एवढं मोठं लग्न?"

"लग्न नव्हे, फायनल. आपल्याच मैदानावर."

केलिननं हातातलं वाटाण्याचं भांडं खाली ठेवलं. ग्रॅहमचे वडील भोळे, त्यांनी हसून विचारलं, "मग तुम्ही कुठं असणार?"

व्हर्लनला थट्टा करायची होती. म्हणजे अर्धी थट्टा. "मी? मी काठी धरून. आणखी कुठं?"

टेबलावर कुणी हसलं नाही. पाहुण्यांना काय झालं तेही कळलं नाही. केलिन शांतपणे उठून मागच्या ओसरीवर गेली, आणि व्हर्लन तिच्या मागं गेला.

"डॅडी, ती तारीख मी तुमच्यासाठी निवडली. तुमची एकही मॅच चुकू नये म्हणून. ग्रॅहमला ऑक्टोबर हवा होता."

"म्हणजे तू धरूनच चाललीस की आपण तिथवर जाणार नाही."

"माझ्या जन्मापासून कधी गेलोय?"

हे त्याला लागलं. दुकानात ड्वाइटनं हेच शंभरदा म्हटलं असतं तरी लागलं नसतं. "तू? माझ्या वाटचं ओरडणारी तू असं बोलतेस?"

"हो, मीच बोलतेय. ज्या पोरांनी अजून एकही मॅच खेळली नाही त्यांच्यावर तुमचा एवढा भरवसा. मग मला एकच सांगा. त्या दिवशी तुमच्या हातात माझा हात असणार की ती काठी?"

उत्तर अगदी सोपं होतं. कुठल्याही बापाच्या तोंडून ते आपोआप आलं असतं. पण व्हर्लनच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी भरलेलं स्टेडियम उभं होतं, आणि तो एक क्षण जास्त थांबला. केलिनला तेवढा पुरला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ड्वाइटमामा आहेत. ते मला हात धरून वेदीपर्यंत घेऊन चालतील."

ती ग्रॅहमला आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेली. पुडिंगला कुणी चमचा लावला नाही.

नेल्डा भांडी आवरता आवरता म्हणाली, "आता बसलास तोंडात मूग गिळून. जेवताना गिळले असतेस तर बरं झालं असतं."

"मी तसं म्हणालो नव्हतो."

"काय म्हणालास ते सगळ्या टेबलानं ऐकलं. आता तिच्याकडं जा आणि एवढंच म्हण, की बाई, आपण काही फायनलला जात नाही, तू काळजी करू नकोस. संपलं. काय जातंय तुझं?"

व्हर्लननं हातातल्या फडक्याची घडी केली. "ते मी नाही म्हणणार."

"नुसतं वरवर?"

"वरवरसुद्धा नाही. त्या पोरांना मी तसं कसं म्हणू?"

"मग पोरीला काय म्हणणार आहेस?"

पुढचे काही दिवस व्हर्लननं दुकानात टीमचं नाव काढलं नाही. ड्वाइटनं मुद्दाम दोनदा पेपर उघडून 'नववा' हा शब्द मोठ्यानं वाचला, तरी हा आपला मान खाली घालून गवताचं बी तोलतोय. ड्वाइट शेवटी काळजीत पडला. आपण मुलीला घेऊन चालायचं या कल्पनेनं तो आधीच घाबरला होता; त्याला कोट होत नव्हता.

मग एका सकाळी व्हर्लननं गल्ला दुसऱ्याकडं दिला, टोपी नीट केली आणि तो कॉलेजात क्रीडाविभागाच्या ऑफिसात गेला. तिथं ओराबेथ बसते. मॅचच्या दिवशी कोण कुठं उभं राहणार, पाणी कोण देणार, पिपाणी कोण वाजवणार, सगळं तिच्या हातात.

"ओराबेथ, मला एका मॅचची सुट्टी पाहिजे."

तिनं चष्मा काढला. व्हर्लननं सुट्टी मागितल्याचं तिच्या हयातीत घडलं नव्हतं. त्याच्या अपेंडिक्सचं ऑपरेशनसुद्धा त्यानं जानेवारीपर्यंत लांबवलं होतं. "कुठली मॅच?"

"डिसेंबरातला पहिला शनिवार."

ओराबेथनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "उन्हातून चालत आलास का रे? पाणी देऊ? त्या दिवशी मॅच नाहीये."

"आहे. फायनल. गटात पहिला येईल त्याच्या मैदानावर होते, म्हणजे इथंच."

ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे पाणावले. "अरे, मग फायनल आहे तर तूच कसा नसणार? जन्मभर तिचीच तर वाट बघतोयस."

"माझ्या मुलीचं लग्न आहे त्या दिवशी," व्हर्लन म्हणाला. "मला तिच्याबरोबर चालायचंय."

ओराबेथचं हसू तिथंच थांबलं. कारण हा माणूस थट्टा करत नव्हता, हे तिला दिसलं. जी गोष्ट गावात दुसऱ्या कुणालाच खरी वाटत नव्हती ती त्याच्या हातात असल्यासारखी खरी होती, आणि ती तो टेबलावर ठेवून चालला होता.

"बदली माणूस शोध," तो दारातून म्हणाला. "फक्त स्टॅन्सिलला घेऊ नकोस. तो काठी तिरकी धरतो. फायनल आहे, शोभणार नाही."

ओराबेथच्या पोटात काही राहतं असं कुणी म्हणणार नाही. दुपारपर्यंत गावभर झालं. न्हाव्याकडं आधी सगळे पोट धरून हसले: अजून पहिली मॅच व्हायचीय आणि हा फायनलची रजा टाकून आला! मग हसणं हळूहळू ओसरलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, पण त्याला खरंच वाटतंय ना ते." आणि ड्वाइट, जो सगळ्यात मोठ्यानं हसला होता, उठून बाहेर गेला आणि खूप वेळ आपल्या गाडीत बसून राहिला. आम्हाला वाटतं तो रडला. तो म्हणतो धूळ गेली.

सीझनच्या आधीच्या शनिवारी खेचरांचा सराव सामना होतो, आपल्यातच दोन बाजू करून. ऑगस्टचं ऊन असं की बाकावर बसलं तर उठताना कातडी मागं राहावी. तरी सगळं गाव जमतं. दोन्हीकडं आपलीच पोरं, त्यामुळं व्हर्लननं ओरडायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पंचांनी त्याला तसं अनेकदा सांगितलंय. पण नियम तो नियम. तो आपली काठी धरून, ओठ घट्ट मिटून उभा होता. त्या पहिल्या बाकाकडं त्यानं मुद्दाम पाहिलं नाही.

मागून कुंपणाची तार वाजली.

"बोलू नका," केलिन म्हणाली. "नियम आहे. वळूही नका. नुसतं ऐका."

व्हर्लननं काठीवरची मूठ आवळली. पुढं टेरेल दोघांना ढकलत निघाला होता. त्याच्याकडंच तो बघत राहिला.

"मला ओराबेथनं वाण्याकडं गाठलं. सगळं सांगितलं. स्टॅन्सिलचंसुद्धा." ती कुंपणाला आणखी टेकली. "डॅडी, मी ब्रदर मॅक्सींकडं जाऊन आले. लग्न सकाळी दहाला ठेवलंय. ते म्हणाले, दहाला लग्न म्हणजे काय न्याहारी आहे का. मी म्हटलं, हो, न्याहारीच ठेवू. ग्रॅहमच्या आईला गरम बिस्किट-पाव आणि ग्रेव्ही चालते. ग्रॅहम म्हणाला, दुपारी दोनच्या आत तुम्हाला मैदानावर मीच गाडीनं सोडीन, लग्नाच्या कपड्यांत."

व्हर्लन हलला नाही. मिशीवरून पाणी खाली ओघळलं, ते त्यानं ओघळू दिलं. दोन्ही हात काठीवर होते.

"ओराबेथकडं जाऊन तुमची रजा मागं घेतली मी. म्हटलं, जेव्हा फायनल असेल तेव्हा माझे डॅडी काठी धरणार. जेव्हा म्हणाले मी. जर नाही म्हणाले."

मग ती आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसली, ग्रॅहमच्या हातातल्या पुडीतून मूठभर शेंगा घेतल्या, आणि टेरेल पुन्हा चेंडू घेऊन सुटला तेव्हा व्हर्लनच्या वाटचं ओरडली. इतक्या वर्षांत आवाज जरासाही कमी झाला नव्हता. ग्रॅहमच्या बापानं कानांवर हात ठेवले.

"व्हर्लन!" पंच ओरडले. "अरे व्हर्लन, काठी!"

आणि तेव्हा आम्ही सगळ्यांनी बघितलं. ज्या माणसानं पंचांच्या खुणेशिवाय ती काठी कधी तसूभर हलवली नव्हती, त्यानं ती जमिनीतून उपटून दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली होती, साखळी मागं लोंबत होती, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही हा नियम मात्र तो अजून पाळत होता.